बाबांची अकरा मरणं

आमच्या आईने एका रविवारी सकाळी नऊ ते दुपारी एक एवढ्या वेळात बाबांना अकरा वेळा मारलं, आणि तेही दर वेळी निराळ्या तऱ्हेने. बाबा त्या वेळी आत स्वयंपाकघरात चिप्स तळत होते आणि वाढायच्या खिडकीतून स्वतःची मरणं ऐकत होते. सिडनीत, क्वेकर्स हिलच्या आमच्या मराठी मंडळींत मी हे सांगते तेव्हा माणसं आधी खदाखदा हसतात आणि मग हळूच विचारतात, "पण नीलू, तुझ्या आईबाबांचं बरं होतं ना गं?" बरं होतं हो. म्हणजे एरवी. पण त्या दोन-सव्वादोन आठवड्यांत आमच्या छपराखाली जे वैर नांदत होतं, त्यापुढे गावाचं आमच्याशी असलेलं वैर म्हणजे शेजारधर्म वाटावा. आणि त्याला काडी लावली होती मी. वय वर्षं पंधरा, जिभेला हाड नाही.

त्याआधी आम्ही वॉलॉंगॉंगला होतो. बाबा पोर्ट केम्ब्लाला पोलादाच्या कारखान्यात इंजिनियर. तिथे माणसं कमी करायला लागले तेव्हा बाबांना शेवटचे काही महिने वाटेल त्या शिफ्टला बोलवत, आणि त्याच काळात त्यांच्या डोक्यात हॉटेल शिरलं. डोंगरांपलीकडे, सोन्याच्या खाणींच्या दिवसांत वसलेलं एक गाव होतं. सोनं केव्हाच संपलं, गाव तेवढं उरलं. एकच रुंद रस्ता आणि त्याच्या कोपऱ्यावर दुमजली हॉटेल. खाली बार, मागे जेवणाची खोली, वर नऊ खोल्या, लोखंडी नक्षीची गॅलरी, आणि परसात घोड्यांचा तबेला, ज्यात आता आमची टोयोटा राहायची. दारू विकायची तर लायसन्स हवं, लायसन्ससाठी तीन दिवसांचा कोर्स हवा, आणि कोर्सच्या तिन्ही दिवशी बाबांची शिफ्ट. मग आई गेली. जन्मात बियरचा घोट न घेतलेली, अंडंसुद्धा न खाणारी सांगलीची सुमन पेठे तीन दिवस ट्रेनने सिडनीला गेली, किती प्यायलेल्या माणसाला अजून किती द्यायची हे शिकली आणि वर्गात पहिली आली. कायद्याप्रमाणे दारावर पाटी लागली: लायसन्सी, एस. व्ही. पेठे. गावाने ते एस. व्ही. म्हणजे बाबाच, असं धरून टाकलं. आम्हीही कुणाला सांगत बसलो नाही, कारण विचारायला कुणी आलंच नाही.

सकाळी सहाला तळघरात बियरची पिंपं उतरायची, गडगडत, आणि माझी वरची खोली हादरायची. दिवसभर थंड खोलीच्या मोटरचा घूं घूं आवाज, दुपारी टीव्हीवर घोड्यांच्या शर्यती. बारमधल्या गालिच्याला शंभर वर्षांच्या सांडलेल्या बियरचा वास होता आणि तो कशानेही जात नसे. आईने एकदा लिंबू-मीठ लावून पाहिलं, तर लिंबाच्या लोणच्यात बियर सांडल्यासारखा वास यायला लागला. जेवायला पार्मी, म्हणजे ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळलेली कोंबडी, वर टोमॅटो आणि वितळलेलं चीज. ती बाबा करत. आई तिकडे तोंड फिरवून उभी राहायची, पण ग्रेव्हीत मीठ कमी पडलंय हे वासावरून सांगायची, आणि ते खरं निघायचं. आमचा स्वयंपाक बार उघडायच्या आधी उरकायचा. दहाला दार उघडलं की पहिला यायचा केव्ह. रोजचा, निवृत्त, नेहमी त्याच स्टुलावर. आल्या आल्या नाक वर करायचा. "काय मेलंय इथे, लव्ह?" हिंगाला तो तसं म्हणायचा. दुसऱ्या दिवशी आई हिंग दुप्पट घालायची. त्यांचं हे दोन वर्षं चाललं. खाटकाकडे आम्हाला शेवटी विचारत, बेकरीत आमच्या पाठीमागच्याला आधी देत. आणि "आधीचा मालक बरा होता" हे वाक्य लोक आम्हाला गुड मॉर्निंगच्या जागी म्हणत. वाईट वागत नसत हं कुणी. फक्त आम्ही पाहुणे आहोत आणि जायला उशीर करतोय, असं वागत.

वर्षातून एका रविवारी गाव आपलं बालपण काढून दाखवायचं. गाड्या रस्त्यावरून हटवायच्या, गवताच्या पेंढ्या टाकायच्या, आणि प्रत्येक दुकानदाराने आपल्या दुकानाच्या पहिल्या मालकाचा वेष घ्यायचा. खाटीक गवती टोपी घालून दारात चाकू पाजळायचा, औषधवाला खिडकीत रंगीत पाण्याच्या बाटल्या मांडायचा, बँकेत कुणीतरी तराजूवर खोटं सोनं तोलायचं. सिडनीहून बसेस यायच्या. आणि या सगळ्याच्या समितीवर डोरीनचं राज्य होतं. तिचं दुकान एकेकाळी खोगिरांचं होतं, आता ती तिथे सुगंधी मेणबत्त्या विकायची. डोरीन आईला "सू" म्हणायची. एकदा म्हटलं तर चाललं असतं. पण ती रस्त्यापलीकडून दोनदा हाक मारायची, "सू, सू!" आणि मला दर वेळी तोंडावर हात ठेवून आत पळावं लागायचं.

आमच्या पहिल्या वर्षी आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या वर्षी डोरीन स्वतः बारमध्ये आली, हातात नियमांचा छापील कागद.

"तुम्हाला काही करायचं नाही, सू. तुम्ही आत जेवणाचं बघा. दारात हॉटेलवाली म्हणून माझी नणंद उभी राहील, मार्ज. तिच्याकडे ड्रेस आहे. आणि व्हिन्सला," व्हिन्स म्हणजे आमचे बाबा, वसंत, "व्हिन्सला आपण फेरीवाला करू. त्या काळी तुमच्यातले यायचे ना, सुया-दोऱ्यांची पेटी घेऊन. पगडी आहे माझ्याकडे."

बाबा ग्लास पुसत होते. "पगडी," ते म्हणाले. मग अजून थोडा ग्लास पुसला. "मी अठरा वर्षं तुमच्या देशाचं पोलाद ओतलं, डोरीन. माझ्या डोक्यावर हेल्मेट असायचं. ते आणू का?"

आईने कागद हातात घेतला. "इथे लिहिलंय, आजचा मालक तेव्हाच्या मालकाच्या वेषात. खाटीक खाटकाच्या, तुम्ही खोगीरवाल्याच्या. मग हॉटेलला वेगळं का?"

"लोकांना खरं वाटायला हवं ना, लव्ह."

हे वाक्य तिने इतकं गोड म्हटलं की कळायला क्षणभर लागला. केव्हने बियरमध्ये बघायला सुरुवात केली.

"लायसन्स माझ्या नावावर आहे," आई म्हणाली. "पाटीवरचा एस म्हणजे सुमन."

डोरीनने दारावरची पाटी आतून वाचायचा प्रयत्न केला, जणू अक्षरं बदलली असतील. "असेल. पण तेव्हाचा मालक पुरुषच असणार."

ती गेल्यावर आई मराठीत बोलली, आणि बार भरलेला असताना आई मराठीत बोलली की ते गंभीर असायचं. "माझ्या दारात दुसरी बाई मालकीण म्हणून उभी राहणार, आणि मी आत तिच्या पाहुण्यांना वाढणार? बघतेच मी."

तेव्हाचा मालक कोण, ते मी शोधलं. शाळा सुटल्यावर लायब्ररीत बसून जुन्या लायसन्सांच्या यादीत मला ती सापडली: हॅना ड्रू, विधवा. वर्षामागून वर्षं तेच नाव. मी यादीची प्रत काढून धावत घरी आले आणि आईने त्या कागदाला चक्क नमस्कार केला. डोरीनने तो वाचला, दोनदा, आणि म्हणाली, "हाऊ लव्हली." मला तेव्हा वाटलं, संपलं.

आता माझा पराक्रम. दुसऱ्या दिवशी डोरीनने मला दुकानात बोलावलं. व्हॅनिलाची मेणबत्ती दिली, फुकट. माझी शाळा, माझे केस, सगळ्याचं कौतुक केलं. मग म्हणाली, "तुझ्या आईच्या गळ्यातले ते काळे मणी किती सुंदर आहेत. कधी काढत नाही ती?" आणि मी, मेणबत्तीचा वास घेत, मोठ्या तज्ज्ञासारखं सगळं सांगितलं. मंगळसूत्र म्हणजे काय, कपाळावरचं कुंकू म्हणजे काय, नवरा मेला तरच ते उतरतं, एरवी उतरवणं केवढं अशुभ. डोरीन मान डोलवत ऐकत होती. दोन दिवसांनी दाराखालून नवा कागद आला. विधवेचा वेष: गळ्यापासून टाचेपर्यंत काळा. कुठलाही दागिना नाही, चेहऱ्यावर कुठलीही खूण नाही. सकाळी नऊला समितीची तपासणी. वेष चुकल्यास त्या जागी समितीची व्यक्ती उभी राहील.

मी आज पन्नाशीत आहे आणि अजूनही व्हॅनिलाची मेणबत्ती कुणी लावली की मला उठून दुसऱ्या खोलीत जावंसं वाटतं.

आईने कागद वाचला, घडी केली, आणि कात्री घेऊन सहा नंबरच्या खोलीत गेली. तिथल्या पडद्यांना आतून जाड काळं अस्तर होतं. रात्री जेवताना ते तिच्या मांडीवर होतं आणि ती एका हाताने जेवत दुसऱ्याने टाचण्या लावत होती.

"म्हणजे तू काढणार?" बाबांनी विचारलं. बाबा देव-धर्म मानणाऱ्यांतले नव्हते. आईच्या चतुर्थ्यांवर विनोद करण्यात त्यांची हयात गेली होती.

"एका दिवसाचा प्रश्न आहे."

"मी अजून आहे, सुमन."

"आहात ना? मग तुम्ही उभे राहा दारात. पगडी घालून."

"दार बंद करू त्या दिवशी. वॉलॉंगॉंगला जाऊ, समुद्रावर."

"आणि मार्ज?"

"खड्ड्यात गेली मार्ज!"

"ती खड्ड्यात नाही जाणार. ती माझ्या पायरीवर उभी राहणार, आणि पुढच्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या. अहो, दोन वर्षं झाली, या गावात मला एकीने घरी बोलावलं नाही. निदान माझ्या घरात तरी मला राहू द्या."

बाबांनी ताट अर्धवट ठेवलं. "घाल काळं. मला मेलेलाच समज," ते म्हणाले, आणि त्या क्षणापासून आईशी बोलायचे थांबले. बोललेच नाहीत. बार चालू, गिऱ्हाइकं चालू, पार्मी चालू, आणि नवरा-बायकोच्या मधे मी. "नीलू, तुझ्या आईला सांग चिप्सचं तेल संपलंय." "नीलू, तुझ्या बाबांना सांग मला डोळे आहेत." मी इंग्लिशमध्ये उत्तर दिलं की दोघं मिळून माझ्यावर ओरडायचे, तेवढीच काय ती एकी. मला दोघांनाही सांगायचं होतं की डोरीनला ते मी सांगितलं. धीर झाला नाही.

रविवारी पावणेनऊला आई जिन्यावरून खाली आली. अस्तराचा झगा तिने असा शिवला होता की डोरीनच्या वेषांच्या पेटीतले सगळे झगे त्यापुढे गोणपाट. केस ताणून बांधलेले. कपाळावर, जिथे वीस-बावीस वर्षं कुंकू होतं, तिथे गोल फिकट डाग, बाकीच्या कपाळापेक्षा कोवळा. मंगळसूत्र तिने रुमालात गुंडाळून गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. बाबा कढईकडे तोंड करून उभे होते आणि वळले नाहीत. नऊला डोरीन आली, आईभोवती एक फेरी मारली, मानेमागे कॉलरच्या आतसुद्धा बघितलं. काही सापडलं नाही. "ठीक आहे," ती म्हणाली, एखाद्याने कर्ज माफ करावं तशी.

आणि मग पहिला पर्यटक आला, कॅमेरा गळ्यात, आणि त्याने तोच प्रश्न विचारला जो कुठल्याही शहाण्या माणसाने विधवेचा झगा बघून विचारला असता. "मिसेस ड्रू, तुमच्या नवऱ्याचं काय झालं?"

हा प्रश्न येईल हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. आईने खिडकीकडे बघितलं. आतून कढईचा चरचर आवाज. मग ती म्हणाली, "खाणीत पडला. त्याला सांगितलं होतं, कंदील घेऊन जा. ऐकलं नाही."

तो माणूस हळहळला. आईच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. इतक्या लक्षपूर्वक तिचं इंग्लिश त्या गावात कुणी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या जोडप्याला तिने घोड्याच्या लाथेची हकीकत सांगितली, घोड्याच्या रंगासकट. मग बाबा ओढ्याच्या पुरात वाहून गेले, कारण पूल दुरुस्त करायचं ते सहा महिने उद्या उद्या म्हणत होते. मग मटणाचं हाड घशात अडकून गेले, आणि ते सांगताना आमची शाकाहारी आई अशी खुलली की एका बाईने डोळे पुसले. थंडीत स्वेटर न घातल्यामुळे गेले. दरोडेखोरांशी वाद घालताना गेले, "कारण त्याला गप्प राहणं माहीत नव्हतं, आणि जेव्हा बोलायला हवं तेव्हा तो बोलायचा नाही." हे तिने खिडकीकडे मान वळवून, जरा मोठ्याने सांगितलं. प्रत्येक मरणानंतर आत झारा कढईवर आपटायचा. अकरावं मरण साप चावून झालं, आणि त्या सापाची बाजू आईने फार समजून घेतली होती.

एक वाजता बसेसची माणसं जेवायला आली आणि बार, जेवणाची खोली, जिना, सगळं भरलं. मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर प्लेट्स घेऊन अडकले होते. तेवढ्यात डोरीन आत शिरली, मागे जांभळ्या झग्यात मार्ज. डोरीनने टाळ्या वाजवल्या.

"मंडळी, माफ करा. सकाळपासून इथे तुम्हाला काहीही सांगितलं जातंय. कुणाला साप, कुणाला घोडा. आमचं गाव इतिहासाची चेष्टा करत नाही. मार्ज, इथे उभी राहा. सू, लव्ह, तुम्ही आत जा."

अवघड गोष्ट अशी की तिचं म्हणणं खरं होतं. लोक एकमेकांना विचारायला लागले, तुला काय सांगितलं, मला तर हाड सांगितलं. मार्ज पायरीकडे निघाली. पुढे बसलेला एक म्हातारा म्हणाला, "मग खरा मेला तरी कसा?" आणि आईला बारावं मरण सुचेना. ती दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिली, नुसती.

स्वयंपाकघराचं दार उघडलं. बाबा बाहेर आले, ॲप्रन, तेलकट हात, लाल चेहरा. ते आईकडे बघत नव्हते, त्या म्हाताऱ्याकडे बघत होते. "मी मेलेलो नाही," ते म्हणाले. "मी सकाळपासून आत आहे."

"बघा!" डोरीनचा आवाज आनंदाने चिरकला. "विधवा, आणि नवरा आत!"

आणि मी तोंड उघडलं. काडी मी लावली होती, विझवायला माझ्याकडे तेवढंच होतं.

"बरोबर आहे!" मी तिसऱ्या पायरीवरून ओरडले. "तो मेलाच नव्हता! त्या काळी लग्न झालेल्या बाईला लायसन्स सहज मिळत नसे. म्हणून हॅना ड्रूने काळं घातलं, विधवा आहे म्हणून सांगितलं, आणि नवऱ्याला आयुष्यभर स्वयंपाकघरात लपवलं. गिऱ्हाइकं विचारायची कसा मेला, आणि आधी काय सांगितलं ते तिला आठवायचं नाही, म्हणून दर वेळी निराळं!"

लायसन्सचा भाग मी खरंच वाचला होता. बाकीचं त्या पायरीवर जन्माला आलं. त्यावर असा हशा आणि अशा टाळ्या की गॅलरीची जाळी थरथरली. लोकांना वाटलं, सगळं बसवलेलं नाटक आहे, डोरीनसकट. म्हाताऱ्याने मार्जलाही टाळी दिली. आईने शांतपणे गल्ला उघडला, रुमाल सोडला आणि मंगळसूत्र गळ्यात घातलं.

"दागिना चालणार नाही," डोरीन म्हणाली.

"पण तो जिवंत आहे ना!" पुढच्या टेबलावरची बाई म्हणाली, जरा चिडूनच.

डोरीन जिन्याजवळ आली. "कुठे लिहिलंय हे?" ती फक्त मला ऐकू येईल अशी म्हणाली.

"लायब्ररीत."

"कुठल्या पानावर?"

"बरंच वाचावं लागतं," मी म्हणाले. आणि प्लेट्स घेऊन गर्दीत शिरले.

सोमवारी दिवसभर डोरीनचं दुकान बंद होतं. ती लायब्ररीत बसली आहे, हे आम्हाला केव्हने सांगितलं, न विचारता. मी आईला सगळं सांगून टाकलं, मेणबत्तीपासून हॅनाच्या लपवलेल्या नवऱ्यापर्यंत. आईने माझा कान धरला, चांगला पिळला, आणि कान धरलेला असतानाच डोरीन आत आली.

"एकूण एक कागद पाहिला," ती म्हणाली. "असं काही नाही. तुमची मुलगी खोटारडी आहे, सुमन."

पहिल्यांदाच तिने पूर्ण नाव घेतलं.

"हो," आई म्हणाली. "आणि तुम्ही पंधरा वर्षांच्या पोरीला मेणबत्ती देऊन तिच्या आईचं कपाळ मोकळं केलंत. काय सांगायचं ते सांगा गावाला. मीही सांगते."

आत कांदा चिरण्याचा आवाज थांबला. डोरीनने हातमोजे काढले, परत घातले. तिच्या तोंडावर जे होतं त्याला पश्चात्ताप म्हणणं चुकीचं होईल. ती फार नाइलाजाने बोलत होती. "बसवाल्यांचा फोन आला होता. पुढच्या वर्षी दुप्पट गाड्या. त्यांना तो नवरा हवाय. एक वाजता. मिनिट इकडे-तिकडे नको. आणि तो ॲप्रन नको, भयंकर दिसतो." दारापर्यंत जाऊन ती वळली. "मला तुम्ही लोक आवडत नाही, हे तुम्हाला माहीत असू दे."

"आम्हाला माहीत आहे," आई म्हणाली. "दार ओढून घ्या. थंडी येते."

दार बंद झालं. आईने माझा कान सोडला. खिडकीत बाबा उभे होते, हातात सुरी, कांद्याने डोळे वाहत होते. त्यांनी आईकडे बघितलं. कपाळावर कुंकू परत आलं होतं, नेहमीपेक्षा जरा मोठं. सोळा दिवसांनी त्यांनी तिच्याशी पहिलं वाक्य उच्चारलं, आणि ते मधे मला न घालता.

"एक वाजता म्हणाली ना ती?" बाबा म्हणाले. "मग मला काय मारायचंय ते बारापर्यंत उरकत जा. तासभर तरी जिवंत राहून चिप्स तळायचे असतात."